दुधाच्या पिशवीचे टोक

दुधाची पिशवी कात्रीने कापली की तिच्या कोपऱ्याचा जो त्रिकोणी तुकडा सुटून पडतो, ते टोक. ते अंगठ्याच्या नखाएवढे असते, हातात घेतले तर जाणवत नाही आणि ओल्या ओट्यावर पडले तर नखाने खरवडल्याशिवाय निघत नाही. पिशवीला घरात प्रतिष्ठा आहे. ती विसळली जाते, ओट्यामागच्या टाइल्सना चिकटवून वाळवली जाते, गठ्ठ्यात जाते आणि गठ्ठा पुरेसा जाड झाला की रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. टोकाच्या वाट्याला यातले काही येत नाही. रोज दोन पिशव्या दूध घेणाऱ्या कुटुंबातून वर्षाला ७३० टोके बाहेर पडतात. ती कुठे गेली असे कोणी विचारत नाही, कारण ती होती हेच कोणाच्या ध्यानात नसते.

समुद्ररक्षणाचा विषय सहसा कासव, डॉल्फिन किंवा देवमाशापासून सुरू होतो. हे प्राणी देखणे आहेत आणि भित्तिपत्रकावर शोभतात. दहिसरमध्ये मात्र हा विषय टोकापासून सुरू करणे बरे. एक तर दहिसर स्वतःच मुंबईचे टोक आहे. दुसरे म्हणजे इथल्या माणसाची देवमाशाशी गाठ पडण्याचा संभव कमी. टोकाशी रोज सकाळी पडते.

दहिसरला समुद्र नाही, असे दहिसरकरांचे ठाम मत आहे. दहिसरला चेकनाका आहे, नॅशनल पार्कचा शेजार आहे, एप्रिल २०२२ पासून मेट्रो आहे. समुद्र मात्र दुसऱ्यांकडे असतो. पाहुण्यांना तो बघायचा असला की त्यांना रिक्षाने बोरिवलीच्या जेट्टीवर आणि तिथून बोटीने गोराईला नेतात. परत येऊन चपलांतली वाळू झटकली की समुद्राशी संबंध संपला. भूगोल या मताशी सहमत नाही. पश्चिमेला लिंक रोडच्या पलीकडे कांदळवन आहे, कांदळवनापुढे मनोरीची खाडी आणि खाडीच्या तोंडाशी अरबी समुद्र. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा दहिसरच्या हद्दीत येऊन जाते. ते कोणाकडे चहाला थांबत नाही म्हणून त्याची नोंद होत नाही. त्यात आता वर्सोव्याकडून सागरी किनारा मार्ग इकडे येऊ घातला आहे. समुद्रच नाही तर हा मार्ग कोणत्या किनाऱ्याने येणार, हा प्रश्न सोसायटीच्या वार्षिक सभेत निघू शकला असता, पण तिथे पार्किंगचा विषयच संपत नाही.

दहिसर आणि समुद्र यांना जोडणारी वस्तू म्हणजे दहिसर नदी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या परिसरात तिचा उगम होतो आणि सुमारे १२ किलोमीटर वाहून ती मनोरीच्या खाडीला मिळते. उद्यानात ती दगडाधोंड्यांवरून खळाळत असते, तेव्हा तिला नदी म्हणतात. उद्यानाबाहेर पडून श्रीकृष्ण नगर, दौलत नगर करत ती खाली आली की तिला नाला म्हणू लागतात. आधी नाव बदलते, मग पाणी बदलते. या क्रमाला अर्थ आहे: नदीत कचरा टाकताना हात जरा अडखळतो, नाल्यात टाकताना अडखळत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशी नदीने आपण नदी असल्याचा पुरावा तळमजल्यावरच्या घरांत जाऊन स्वतः सादर केला. पाणी ओसरल्यावर ती पुन्हा नाला झाली.

अशा आखूड नद्यांचे महत्त्व जगाला अलीकडेच कळले. समुद्रातले प्लॅस्टिक यांगत्से, गंगा अशा मोजक्या महानद्या वाहून आणतात, असे आधी मानले जाई. २०२१ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने ते चित्र बदलले. नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी ८० टक्के वाटा हजारहून अधिक नद्यांचा निघाला, आणि त्यांत दाट वस्तीतून वाहणाऱ्या लहान नद्या पुढे होत्या. कारण साधे आहे. मोठ्या नदीत पडलेल्या पिशवीला गाळात रुतायला, झुडपाला अडकायला, धरणात विसावायला शेकडो किलोमीटर मिळतात. दहिसर स्टेशनजवळ नदीत पडलेल्या पिशवीला विश्रांतीला वावच नाही. समुद्र अगदी पुढच्या स्टॉपवर आहे.

टोक नदीत जाते कसे, हे समजण्यासाठी ‘गटार’ या शब्दाकडे पाहावे लागते. बोलण्यात गटार एकच असते, पालिकेकडे दोन प्रकारची असतात. संडास-मोरीचे पाणी नेते ती मलवाहिनी. ती उदंचन केंद्राकडे आणि पुढे प्रक्रिया केंद्राकडे जायची असते. रस्त्याच्या कडेला जाळीच्या झाकणाखाली असते ती पर्जन्यवाहिनी. ती पावसाचे पाणी नाल्यात, नदीत, खाडीत नेऊन सोडते. वाटेत प्रक्रिया वगैरे काही नाही. वडापावचा कागद, गुटख्याची पुडी, आइस्क्रीमचा चमचा, जे रस्त्यावर पडले ते जाळीतून खाली आणि खालून पुढे. दुकानासमोरचा केर झाडूने जाळीत लोटणाऱ्याची अशी समजूत असते की आत काहीतरी व्यवस्था आहे. आत फक्त उतार आहे.

घरातले टोक निदान केराच्या डब्यापर्यंत जाते. टपरीवरच्या टोकाचा प्रवास याहून जलद आहे. पहाटे पाचला स्टेशनबाहेर चहाची टपरी उघडते. टपरीवाल्याच्या एका हातात डाव असतो, दुसऱ्यात पिशवी. कात्री खिळ्याला टांगलेली असते, ती शोभेला. पिशवीचा कोपरा दाढेखाली जातो, मानेला एक झटका बसतो, दुधाची धार पातेल्यात पडते आणि ‘फू’ असा आवाज होऊन टोक डाव्या बाजूला, गटाराच्या जाळीपासून वीतभर अंतरावर पडते. पुढचे टोक पहिल्याच्या शेजारी. नेम इतका पक्का, की नऊ वाजेपर्यंत तिथे निळ्या-पांढऱ्या टिकल्यांची रांगोळी तयार होते. मग टपरीवाला, स्वच्छतेची आवड असल्यामुळे, बादलीभर पाणी मारून ती जागा धुऊन काढतो.

सरकारने टोकाकडे नाही तरी पिशवीकडे एकदा लक्ष दिले होते. राज्यात रोज सुमारे १ कोटी दुधाच्या पिशव्या टाकून दिल्या जातात आणि त्यांचे प्लॅस्टिक ३१ टन भरते, असे तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी जून २०१९ मध्ये विधानसभेत सांगितले. ग्राहकाने पिशवीमागे ५० पैसे अनामत ठेवायची आणि रिकामी पिशवी परत देऊन ती सोडवायची, अशी योजना होती. तिच्यात अर्थशास्त्राची एक अडचण होती. ५० पैशांचे नाणे कायद्याने चलनात आहे, पण दहिसरच्या बाजारात ते पुढे केले तर दुकानदार नाण्याकडे न बघता माणसाकडे बघतो. शिवाय टोक कापलेली पिशवी पूर्ण धरायची की टोकापुरती रक्कम कापायची, हा वाद बिनकामाच्या माणसांना वर्षभर पुरला असता.

जाळीखाली गेलेले टोक नदीत येते. दुधाच्या पिशवीचे पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे टोक तरंगते. ओहोटीबरोबर ते खाडीकडे निघते, अर्ध्या वाटेत भरती लागते आणि ते पुन्हा दहिसरला येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास जातात. म्हणजे रोज दोन वेळा जाणे आणि दोन वेळा येणे. चर्चगेटला नोकरी करणाऱ्या दहिसरकराला हे जीवन परके वाटू नये. फरक इतकाच, की टोकाला भरतीच्या पाण्यात जागा मिळते. विरारहून भरून आलेल्या गाडीत दहिसरला ती मिळत नाही, आणि मिळालीच तर परतीच्या वेळी उतरू देत नाहीत.

या ये-जा करण्यात बरीच टोके कांदळवनात उतरतात. कांदळवनात तिवराच्या झाडाखाली चिखलातून बोटभर उंचीच्या, पेन्सिलीसारख्या मुळ्या सरळ वर आलेल्या असतात. त्या श्वसनमुळ्या. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून ओहोटी लागली की झाड या मुळ्यांवरच्या छिद्रांतून श्वास घेऊन ठेवते. एका झाडाभोवती अशा शेकडो मुळ्या दाटीने उभ्या असतात. दिसायला तो एक प्रचंड कंगवाच. भरती-ओहोटीचे पाणी त्यातून जाताना विंचरले जाते आणि केसांतला गुंता कंगव्यात राहावा तसा पिशव्या, पुड्या, थर्माकोल आणि चपलांचा ऐवज मुळ्यांत राहतो. चपला नेहमी एकेकट्या असतात. जोडी कधी सापडत नाही. पिशवी मुळ्यांवर पसरून बसली की तिच्याखालच्या सगळ्या मुळ्यांचे नाक एकदम दाबले जाते.

राज्याने कांदळवनांना मान कमी दिलेला नाही. २०१२ साली वनविभागात खास कांदळवन कक्ष निघाला, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी या झाडाला ‘राज्य कांदळवन वृक्ष’ म्हणून जाहीर केले. असा किताब मिळाला की सत्काराला हार आलेच. चिप्पीच्या वाट्याला ते गुटख्याच्या पुड्यांचे आले, इतकेच. कांदळवन साफ करायला मांडीपर्यंत चिखलात उतरावे लागते, पाय काढताना बूट आत राहतो आणि फोटोत चेहरा ओळखू येत नाही. चौपाटीच्या सफाईला जितकी गर्दी होते तितकी इथे का होत नाही, याचे आणखी स्पष्टीकरण नको.

टोकाच्या बरोबरीने वाहणाऱ्या मंडळींत थोरली म्हणजे हातात धरायची पातळ पिशवी. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू केली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. त्या पहिल्या आठवड्यात दहिसरच्या बाजारात कापडी पिशव्यांचे पेवच फुटले. लग्नकार्यात मिळालेल्या, माळ्यावर टाकलेल्या पिशव्या खाली आल्या आणि कोणाच्या तरी शुभविवाहाची तारीख काखेत घेऊन माणसे मेथीची जुडी आणायला निघाली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आणली. दोन्ही बंद्या आज चालू आहेत. पिशवीही चालू आहे. तिचा व्यवहार साधारण असा होतो:

“पिशवी द्या ना.”

“बंद झाल्यात ताई. पाच हजार दंड हाय.”

“मग राहू द्या भाजी.”

“थांबा, थांबा.”

यानंतर भाजीवाला उजवीकडे बघतो, डावीकडे बघतो, गोणपाटाखाली हात घालतो आणि ज्या चपळाईने पिशवी बाहेर काढतो ती चपळाई काटा मारतानाही दिसत नाही. ग्राहकही ती तितक्याच गुपचूप घेतो. पाच रुपयांच्या कोथिंबिरीला एवढे नाट्य दुसऱ्या कोणत्याही राज्यकारभाराने मिळवून दिलेले नाही.

कापडी पिशवी घरात नसते असे नाही. बहुतेक घरांत पाच-सहा निघतात. ती दारामागच्या खुंटीला असते आणि दार ओढून घेणारा माणूस दारापुढे असतो, हीच काय ती अडचण. ज्या घरांत पिशवी आणि दाराची किल्ली एकाच खिळ्याला टांगतात तिथे ती विसरली जात नाही. समुद्रासाठी करायच्या गोष्टींत या खिळ्याचा क्रमांक बराच वर लागावा.

नदीत पडणाऱ्या पिशव्यांत सर्वांत पवित्र पिशवी निर्माल्याची. फुले आठ-पंधरा दिवसांत कुजतात आणि कुजण्यासाठीच असतात. पण देवाला वाहिलेले फूल पायदळी जाऊ नये म्हणून ते पिशवीत भरतात, पिशवीला गाठ मारतात आणि गाठीसकट पाण्यात सोडतात. परिणामी फूल पाण्याला लागतच नाही. ते स्वतःच्या पिशवीत, स्वतःच्या वासात, समुद्रापर्यंत जाते. असे होऊ नये म्हणून पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या बसवण्यात आल्या. त्यामुळे भाविकांत भालाफेकीची कला वाढीला लागली. दुचाकी न थांबवता, डाव्या हाताने नमस्कार करत उजव्या हाताने जाळीवरून पिशवी भिरकावणारे लोक आहेत. निर्माल्य कलश त्याच पुलाच्या तोंडाशी असतो, पण त्यात टाकलेले देवाला पोचते की नाही याची खात्री वाटत नाही.

दहिसरहून पुढे गाडीने जाणाऱ्यांचा पूल भाईंदर-नायगावच्या मधला, वसईच्या खाडीवरचा. तिथे धावत्या लोकलच्या दारातून निर्माल्य, नाणी आणि नारळ खाडीत टाकतात. त्या पुलाच्या कडेने पाणजू बेटावरचे रहिवासी पायी ये-जा करतात. २०२५ मध्ये गाडीतून फेकलेला नारळ डोक्याला लागून त्यांच्यातल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. या पुलावर सांगण्यासारखा विनोद नाही.

निर्माल्याचा मोठा हंगाम गणपतीचा. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती हलकी, सुबक आणि स्वस्त असते. पाण्यात ती विरघळायचे नाव घेत नाही आणि ओहोटीला खाडीच्या चिखलातून हात वर करून दिसते. शाडूची मूर्ती जड असते, नेताना दोन माणसे लागतात, पण पाण्यात काही तासांत माती होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. तिची अंमलबजावणी तारखांवर तारखा घेत पुढे सरकली आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितल्या. घरगुती शाडूच्या गणपतीला कृत्रिम तलावही लागत नाही, बादली पुरते. त्याची माती कुंडीत जाते. बादलीत बाप्पा म्हणजे अगदीच कसेतरी, असे म्हणणारी आजी दुसऱ्या वर्षापासून त्या कुंडीतल्या तुळशीला नमस्कार करून आत जाते.

एवढ्यावरही जे सुटते ते समुद्रात पोचते. समुद्राचा स्वभाव जुन्या काळच्या संपादकासारखा आहे: आलेले सगळे तो वाचतो, आणि बहुतेक साभार परत करतो. पावसाळ्यात मोठी भरती आली की मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लाटांबरोबर बाटल्या, पिशव्या, थर्माकोल रस्त्यावर येऊन पडतात आणि पालिकेचे कामगार ते टनांच्या हिशेबात उचलतात. लाटा बघायला आलेले लोक कणसे खात हे दृश्य पाहतात. कणसाचे बुरकुंड मग पुढच्या अंकासाठी पाठवले जाते.

परत आलेला माल उचलण्याचे मुंबईतले गाजलेले उदाहरण वर्सोव्याचे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने तिथली चौपाटी साफ करायला घेतली. सुरुवातीला त्यांच्याबरोबर एक वयस्कर शेजारी तेवढे होते. पुढे माणसे वाढली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले निघून पाण्याकडे गेली. याचे अनुकरण सोपे दिसते म्हणून पुष्कळ होते. एखाद्या रविवारच्या मोहिमेत साठ माणसे, साठ टोप्या, साठ जोड हातमोजे, साठ पाण्याच्या बाटल्या, नाश्त्याचे साठ खोके आणि ‘प्लॅस्टिकमुक्त सागर’ असे लिहिलेला दहा फुटी फ्लेक्स असतो. फ्लेक्स प्लॅस्टिकचाच असतो. मोहीम संपल्यावर जमलेल्या कचऱ्यातून मोहिमेचा कचरा वजा केला तर शिल्लक उरते, पण फार नाही. वर्सोव्याचे वेगळेपण इतकेच, की तिथली माणसे पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्याही.

परत न येणाऱ्या मालाचे काय होते, हे कासवाकडून कळते. तरंगती पिशवी त्याला जेलीफिशसारखी दिसते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निराळीच गोष्ट दिसली: समुद्रात राहून बुळबुळीत झालेल्या प्लॅस्टिकच्या वासाने कासवे तशीच माना वर करतात, जशी खाण्याच्या वासाने करतात. म्हणजे पिशवी रूपाने फसवते आणि गंधानेही. कोकणात कासवाची राखण अंड्यापासून होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम गावकऱ्यांच्या हाती रुजवले, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथेच ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवून तिला समुद्रात सोडले. डिसेंबर २०१८ पासून राज्यात आणखी एक सोय आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा असा संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. किनाऱ्यावर थकून पडलेले कासव दिसले तर त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नये. ते पोहायचे विसरलेले नसते, आजारी असते. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा. कासवावर बसून फोटो काढण्याची तरतूद कोणत्याही शासन निर्णयात नाही.

टोक मात्र इतके लहान, की ते कोणी परत करत नाही आणि कोणी उचलतही नाही. उन्हाने ते ठिसूळ होते, लाटांनी तुटते आणि शेवटी दिसेनासे होते. दिसेनासे होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे, हे गणिताच्या पेपरातल्या हातच्यासारखे आहे. या बारीक कणांना सोबती घरातूनच मिळतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये मोजून पाहिले, तेव्हा ॲक्रिलिकच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर तंतू पाण्यात उतरले. दहिसरमध्ये थंडीच आठवडाभराची, त्यामुळे ॲक्रिलिकचे स्वेटर कमी. पॉलिस्टरचे गाउन मात्र बारमाही आहेत. मशीन पूर्ण भरल्यावरच लावणे आणि सुती कापड पसंत करणे, एवढे हातात राहते.

हे सगळे माशांच्या पोटात जाते आणि मासा दहिसरच्या बाजारात येतो. भाईंदरच्या किनाऱ्याला उत्तनला, पलीकडे गोराई-मनोरीला कोळीवाडे आहेत. बोंबील धरायचे डोल जाळे पाण्यात एका जागी रोवलेले असते; भरती-ओहोटीचा प्रवाह त्याच्या पिशवीत जे आणून टाकेल ते त्याचे. पूर्वी प्रवाह मासळी आणी, आता मासळीसोबत बाजारहाटही आणतो. जाळे उपसल्यावर बोंबील एका बाजूला आणि पिशव्या दुसऱ्या बाजूला निवडाव्या लागतात. बोंबलाला भाव मिळतो.

मासळी घेताना माणूस डोळे बघतो, कल्ले उघडून बघतो, भावात घासाघीस करतो. लांबी बघत नाही. २०२३ मध्ये राज्याने चंदेरी पापलेटला राज्यमासा केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, म्हणजे पिल्ले मोठी होऊन एकदा तरी अंडी घालतील. पापलेटाची मर्यादा १३५ मिलिमीटर आहे. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. ती मासळीबाजारात नेणारा ग्राहक अजून जन्मायचा आहे. नेली तरी मावशी “पोराला भूमिती शिकवाला आनलंय का?” असे विचारल्याशिवाय राहायची नाही. पट्टी नको असेल तर तळहात पुरतो. तळहातात मावणारे पापलेट घेऊ नये. ‘छोटी गोड लागतात’ हा युक्तिवाद खरा आहे, आणि अडचण तीच आहे.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ. गटारी अमावास्या आषाढाच्या शेवटी, म्हणजे पुष्कळ वर्षी नेमकी या बंदीत येते. त्या दिवशी ताटात येणारी सुरमई बर्फातली असते किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली, कारण तिकडची बंदी १४ जूनला उठते. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि माणूस महिनाभर माशांना अभय देतो. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहून बोटी लोटतात. हे अभय आठवडाभर आधी सुरू झाले तर माशांची हरकत नसावी, गटारीची असेल.

मासे आणायला डबा न्यावा, ही सूचना दहिसरमध्ये अपेक्षेपेक्षा लवकर रुजली. तिचे श्रेय समुद्राला जात नाही. इथल्या पुष्कळ इमारतींत एका मजल्यावर मासे खाणारे आणि दुसऱ्यावर न खाणारे राहतात, आणि लिफ्ट एकच असते. काळ्या पिशवीतून पाणी ठिबकते, लिफ्टमध्ये वास राहतो आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कोणाचेही नाव न घेता एक संदेश येतो. झाकणाच्या स्टीलच्या डब्यातून ठिबकत नाही. डबा घेऊन चाललेला माणूस देवळात प्रसाद घेऊन चालल्यासारखा दिसतो, लिफ्टमध्ये त्याला जागा देतात, आणि एका बांगड्यामागे दोन पिशव्या वाचतात.

टोकाचा उपायही असाच. पिशवी कापताना कात्री शेवटपर्यंत नेली नाही, काडीभर जोड ठेवला, तर टोक पिशवीलाच लोंबत राहते. दुधाची धार त्याने अडत नाही. दहिसरच्या काही घरांत अशीच पिशवी कापण्याची जुनी रीत आहे, आणि तिचे कारण समुद्र नाही. सुटलेले टोक कधीतरी पातेल्यात पडते, दुधाबरोबर उकळते आणि दुसऱ्या दिवशी सायीत निळे काहीतरी निघते. मग ती साय विरजणाला जात नाही, तूप कमी पडते आणि दोष सुनेवर येतो. म्हणून त्या घरांत टोक पिशवीबरोबर धुतले जाते, तिच्याबरोबर टाइलवर वाळते आणि तिच्याबरोबर गठ्ठ्यात जाते. रद्दीवाला गठ्ठा काट्यावर ठेवतो, पारडे स्थिर होऊ देतो आणि पैसे मोजतो. टोके जोडलेली आहेत की नाहीत हे तो बघत नाही. त्याच्या काट्याला ती कळत नाहीत.